बंदीवानाचे धन आणि ज्ञातीचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात देवळी येथे दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलनाच्या या व्यासपीठावरून शिक्षणाचा प्रसार, हुंड्याची चाल, विवाहातील वायफळ खर्च, वसतिगृहाची उभारणी अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. ते विषय महत्त्वाचेच आहेत. आज मात्र मी ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहे, तो ज्ञातिसंमेलनात सहसा निघत नाही. निघालाच तर लोक खाली मान घालतात. तो विषय म्हणजे तुरुंगात गेलेल्या माणसाची मालमत्ता. त्याचा पैसा, त्याचे शेत, अटकेच्या वेळी त्याच्या अंगावर असलेल्या वस्तू, तुरुंगात श्रम करून त्याने मिळविलेली मजुरी, या सर्वांचा मालक कोण, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो. परंतु थोडा विचार केला असता तो घराघराचा, आणि म्हणूनच ज्ञातीचाही प्रश्न आहे, असे दिसून येईल.

आपणांपैकी काहींच्या मनात लगेच अशी शंका येईल की, ज्याने गुन्हा केला त्याच्या पैशाअडक्याची काळजी आपण कशासाठी वाहावी? शंका स्वाभाविक आहे. तिला माझी दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, तुरुंगात असलेला प्रत्येक मनुष्य गुन्हेगार ठरलेला नसतो. केंद्र सरकारच्या गुन्हे नोंदणी विभागाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे २०२२ सालाच्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले अद्याप निकालात निघावयाचे होते. म्हणजे शंभरांतील सुमारे शहात्तर माणसे ज्यांना आपण ‘कच्चे कैदी’ म्हणतो, त्या वर्गातील होती. त्यांतील कित्येक जण उद्या निर्दोष सुटतील. सुटून आल्यावर त्यांना घर घर म्हणून सापडावे की नाही? दुसरे उत्तर असे की, मनुष्य दोषी ठरला तरी त्याची म्हातारी आई, पत्नी आणि शाळेत जाणारी मुले दोषी ठरलेली नसतात. त्यांचे अन्न त्याच शेतातून आणि त्याच पैशातून यावयाचे असते.

तेव्हा आजच्या विवेचनाचा गाभा मी प्रारंभीच सांगून टाकतो. कारावासाने मनुष्याचे स्वातंत्र्य जाते, स्वामित्व जात नाही. सरकारच्या ताब्यात गेलेली त्याची वस्तू ही ठेव होय, सरकारची मिळकत नव्हे. एवढे कायद्याने आज पुरेसे स्पष्ट केलेले आहे. मात्र या कायद्याची माहिती ज्यांना असावयास हवी, त्या घरांतच ती नसते. आणि सरकारने न घेतलेले धन पुष्कळदा भाऊबंदच गिळंकृत करतात.

पूर्वी स्थिती निराळी होती. इंग्लंडात शतकानुशतके असा नियम होता की, मोठ्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाची जमीनजुमला व चीजवस्तू त्याच्या हातून जावी. कायद्याच्या दृष्टीने तो जिवंतपणीच मेल्यासारखा होई. तेथील पार्लमेंटाने १८७० साली ही चाल मोडून काढली. आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत मात्र मालमत्ता सरकारजमा करण्याची शिक्षा घातलेली होती, आणि राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या गुन्ह्यास तर ती जन्मठेपेबरोबर अपरिहार्यपणे जोडलेली होती. महाराष्ट्राने तिचा दाहक अनुभव घेतला आहे. १९०९ साली बाबाराव सावरकरांना आणि १९१० च्या डिसेंबरात त्यांचे धाकटे बंधू विनायकराव यांना जन्मठेपेची शिक्षा झाली, तेव्हा तीसोबत सर्व मालमत्ता जप्त करण्याचा हुकूमही झाला. मनुष्य अंदमानात आणि घरदार सरकारात, अशा दोन शिक्षा एकाच वेळी बसल्या. त्यांतील दुसरी खऱ्या अर्थाने घरी राहिलेल्या स्त्रियांनी भोगली.

१९२१ च्या सोळाव्या अधिनियमाने दंड संहितेतील ही सर्वसाधारण जप्तीची कलमे, म्हणजे ६१ वे व ६२ वे, रद्द करण्यात आली, आणि युद्ध पुकारण्याच्या कलमातही जप्तीच्या जागी दंड आला. ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. आजही खेड्यापाड्यांत ‘तो तुरुंगात गेला, आता त्याचे काय उरले?’ असे उद्गार ऐकू येतात. कायदा पालटून शंभर वर्षे उलटली, तरी लोकसमजूत जुन्याच कायद्यावर उभी आहे.

स्वातंत्र्यानंतर या तत्त्वास राज्यघटनेचे अधिष्ठान लाभले. आंध्रातील विशाखापट्टणमच्या तुरुंगात असलेल्या काही बंद्यांनी केलेल्या अर्जावर, म्हणजे भुवनमोहन पटनायक यांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली निर्णय दिला. तो लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड हे आपल्या महाराष्ट्राचेच. त्यांनी प्रतिपादिले की, केवळ शिक्षा झाली म्हणून मनुष्याचे सारे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. तुरुंगात असताना देशभर फिरण्याचे किंवा आपला व्यवसाय चालविण्याचे स्वातंत्र्य त्याला राहणार नाही, हे उघड आहे. परंतु मालमत्ता मिळविणे, बाळगणे व तिची विल्हेवाट लावणे यांच्या आड तुरुंगाची भिंत येण्याचे कारण नाही. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला, हे खरे. तथापि घटनेच्या ‘तीनशे अ’ या अनुच्छेदाने तो घटनात्मक हक्क म्हणून कायम ठेवला आहे. कायद्याच्या आधारावाचून कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. आणि ‘कोणाचीही’ या शब्दात बंदीवानही आला.

मालमत्ता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शेत, घर, सोनेनाणे एवढेच येते. परंतु माणसाने बुद्धी झिजवून लिहिलेली वहीसुद्धा त्याची मिळकतच आहे. या बाबतीत आपल्या प्रांताचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून काढले. १९१४ साली त्यांची सुटका झाली, पण त्या वह्या तपासणीसाठी काही काळ सरकारच्याच ताब्यात राहिल्या. त्या परत मिळाल्या तेव्हाच १९१५ साली ग्रंथ छापता आला. त्या न मिळत्या तर? आपल्या या वर्धा जिल्ह्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. तुरुंगात निर्माण झालेल्या धनाचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

लोकमान्यांच्या वह्या परत देणे हे त्या काळी सरकारच्या मर्जीवर होते. तो हक्क आहे, असे ठरण्यास आणखी अर्धशतक जावे लागले. आणि तेही एका मराठी पुस्तकामुळे ठरले. कामगार चळवळीतील कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांना भारत संरक्षण नियमांखाली १९६२ साली मुंबईत स्थानबद्ध करण्यात आले. तेथे त्यांनी परवानगी घेऊन ‘अणूच्या अंतरंगात’ हे शास्त्रीय विषयावरील पुस्तक लिहिले. १९६४ च्या सप्टेंबरात त्यांनी ते प्रकाशनासाठी बाहेर धाडण्याची अनुज्ञा मागितली. सरकारने ती नाकारली. सरकारचे म्हणणे असे की, स्थानबद्धाला नियमांत जे दिले आहे तेवढेच हक्क. पुस्तक बाहेर धाडण्याचा हक्क नियमांत कोठेही लिहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे मानले नाही, आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचे अपील फेटाळले. न्यायालयाने प्रश्नच उलटा केला. नियमात परवानगी कोठे आहे हे बंद्याने दाखवावयाचे नसून, नियमात मनाई कोठे आहे हे सरकारने दाखवावयाचे आहे. त्याच दशकात आपल्या जवळच्या नागपूर मध्यवर्ती कारागृहात जॉर्ज फर्नांडिस यांना बारांहून अधिक पुस्तके बाळगण्यास मनाई झाली होती, तेव्हाही उच्च न्यायालयाने हाच न्याय लावून, नियमात नसलेली ती मर्यादा दूर केली.

हे मोठ्या माणसांचे खटले झाले. आता आपल्या साध्यासुध्या कास्तकाराच्या घराकडे वळू. समजा, देवळीच्या आसपासच्या एखाद्या गावातील मनुष्यास आज संध्याकाळी अटक झाली. त्याच्या खिशात कापूस विकून आलेले काही रुपये आहेत, बोटात अंगठी आहे, हातात घड्याळ आहे आणि मोबाईल फोन आहे. या वस्तूंचे पुढे काय होते?

अंगझडतीत अंगावरील आवश्यक कपडे वगळून ज्या वस्तू सापडतील त्या पोलिसांनी सुरक्षित ठेवावयाच्या असतात, आणि घेतलेल्या वस्तूंची पावती त्या माणसास द्यावयाची असते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ५१ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच ४९ वे कलम आहे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, हेही त्यातच सांगितले आहे. पावती हा शब्द आपण नीट ध्यानात ठेवावा. ती मागणे हा उद्धटपणा नव्हे. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द निघत नाही. म्हणून त्याच्या मागोमाग ठाण्यावर जाणाऱ्या भावाने किंवा शेजाऱ्याने तो नम्रपणे काढावा.

त्या वस्तूंपैकी एखादी गुन्ह्याच्या पुराव्याशी संबंधित असेल तर ती मुद्देमाल म्हणून जप्त होते आणि पंचनाम्यात तिची नोंद होते. मुद्देमालाच्या खोलीत वर्षानुवर्षे गंजत पडलेल्या मोटारसायकली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट सांगितले की, वस्तूचे सविस्तर वर्णन व छायाचित्र घेऊन, जामीनकतबा लिहून घेऊन ती योग्य माणसाच्या हवाली करावी; ठाण्यात ती पंधरा दिवस ते एक महिना याहून अधिक काळ पडून राहू नये. नव्या संहितेच्या ४९७ व्या कलमात तर वस्तूंची यादी चौदा दिवसांत व्हावी आणि यादी झाल्यावर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम व्हावा, अशी मुदतच घातली आहे. परंतु मागणारा नसेल तर कायदा आपण होऊन घरी चालत येत नाही. बैलजोडी, दुचाकी, शेतमाल अशी ज्यावर घराची उपजीविका चालते ती वस्तू सुपूर्दनाम्यावर मागण्याचा अर्ज घरच्यांनी विनाविलंब द्यावा.

पुढे तो मनुष्य वर्ध्याच्या जिल्हा कारागृहात जातो. ज्या पैशाविषयी किंवा वस्तूंविषयी न्यायालयाचा हुकूम नाही, त्या तुरुंगाधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवाव्यात, अशी रीत १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या २५ व्या कलमाने घालून दिली. ‘ताब्यात’ म्हणजे ‘मालकीत’ नव्हे. रोख पैसा बंद्याच्या हातात राहत नाही, तो त्याच्या नावावर जमा होतो. मनीऑर्डरीने आलेली रक्कमही तशीच जमा होऊन, नियमांच्या मर्यादेत तो तिच्यातून उपाहारगृहातील जिन्नस घेऊ शकतो. त्याच अधिनियमाच्या ३१ व्या कलमाप्रमाणे कच्च्या कैद्यास तपासणीच्या अधीन राहून स्वतःचे अन्न, कपडे, अंथरूण बाहेरून आणविण्याची मोकळीक दिलेली आहे. सुटकेच्या दिवशी प्रवेशाच्या वेळची यादी समोर ठेवून प्रत्येक वस्तू ताडून पाहावी आणि मगच सही करावी. यादीत अंगठी ‘पिवळ्या धातूची’ म्हणून लिहिली जाते. ती सोन्याची असल्यास वजन व खूण लिहवून घेतलेली बरी, म्हणजे पुढे वादास जागा उरत नाही.

शिक्षा झालेल्या कैद्याच्या श्रमाचाही मोबदला त्याचा आहे. गुजरातेतील प्रकरणावर सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली ठरविले की, सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घेणे वैध आहे, पण त्या कामाची न्याय्य मजुरी त्यास मिळाली पाहिजे. त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च तीतून वजा करता येईल. आणि तिचा काही भाग, ज्यांचे त्याने नुकसान केले त्यांच्या भरपाईसाठी काढून ठेवावा. हा शेवटचा भाग मला फार मोलाचा वाटतो. बंद्याच्या धनावर त्याच्या स्वतःचा हक्क आहे तसा त्याच्या कुटुंबाचा आणि त्याने दुखावलेल्या माणसाचाही आहे. हक्काचे भान आणि ऋणाचे भान ही एकत्रच नांदावयाची असतात.

मजुरीचे दर अल्प आहेत. परंतु अल्प मजुरीवरही पत उभी राहू शकते, हे महाराष्ट्राने दाखवून दिले. १ मे २०२२ रोजी पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ या नावाची कर्जयोजना सुरू केली. कैद्याच्या मजुरीच्या भरवशावर, सात टक्के व्याजाने, पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज त्याच्या घरच्या नडीसाठी देण्याची ती योजना. मुलाची फी, आईचे औषधपाणी, वकिलाचा खर्च यांसाठी सावकाराच्या दारी जाण्याचे टळावे, हा तिचा हेतू. सहकाराच्या चळवळीत वाढलेल्या आपल्या समाजाने या प्रयोगाकडे आदराने पाहावे. तुरुंगातील मनुष्यही घराचा कर्ता राहू शकतो, हा विश्वास त्यामागे आहे.

येथवर कायद्याने काय राखले ते सांगितले. कायदा काय काढून घेऊ शकतो, तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अन्यथा माझे विवेचन एकांगी होईल. न्यायालयाने दंड केला तर तो मालमत्तेतून वसूल होऊ शकतो, आणि दंड झालेला मनुष्य वारला तरी त्याची मालमत्ता त्या जबाबदारीतून मुक्त होत नाही. गुन्ह्यातून मिळविलेले धन न्यायालयाच्या हुकमाने जप्त होऊ शकते. फरारी होणाऱ्याच्या मालमत्तेवर टाच येते. म्हणून भीतीने पळून जाण्याचा सल्ला कोणी देईल तर तो घर बुडविणारा सल्ला समजावा. आणि ज्याने खून केला त्याला खून झालेल्याचा वारसा मिळत नाही, असे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे २५ वे कलम सांगते. पण याचा अर्थ असा की, अन्य कोणत्याही गुन्ह्यासाठी तुरुंगात असलेल्या मुलाचा वडिलांच्या मिळकतीतील वाटा जसाचा तसा राहतो.

आणि येथेच मी माझ्या विषयाच्या सर्वांत दुःखद भागाकडे येतो. आपल्याकडे कर्ता मनुष्य आत गेला की चार-सहा महिन्यांतच धुऱ्यावरचा दगड सरकू लागतो. थोरला भाऊ म्हणतो, खर्च मी करतो, तर पीकही मीच घेणार. चुलता म्हणतो, सातबाऱ्यावरचे नाव कमी करून घेऊ, नाहीतर सरकार शेत नेईल. सरकार शेत नेत नाही, हे त्या बिचाऱ्या बाईला ठाऊक नसते. भेटीच्या दिवशी कोणी तिच्या हाती हक्कसोडपत्राचा कागद देऊन नवऱ्याची सही आणावयास सांगतो. आणि आतला मनुष्य, पोराबाळांची आबाळ होईल या धाकाने, न वाचता सही करतो. ज्याला शासनाने लुटले नाही त्याला स्वकीयांनी लुटावे, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती?

यावर उपाय कायद्यातच आहेत. बंद्यास मुखत्यारपत्र करून आपल्या विश्वासाच्या माणसाकडे शेताचा व पैशाचा कारभार सोपविता येतो. त्यासाठी त्याला नोंदणी कचेरीत जावे लागत नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या ३३ व्या व ३८ व्या कलमांनी तुरुंगातील माणसास हजेरीतून सूट दिली आहे. नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः तुरुंगात जावे किंवा त्यासाठी आयुक्त नेमावा, अशी तेथे तजवीज आहे. सज्ञान व शुद्धीवर असलेल्या कोणाही माणसाप्रमाणे त्याला मृत्युपत्रही करता येते. महसुली दप्तरात फेरफार घालताना ज्यांचा संबंध दिसतो त्या सर्वांस लेखी सूचना गेली पाहिजे, असे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १५० वे कलम सांगते. बंदी हाही संबंधितच आहे. त्याने तुरुंगातून पाठविलेली लेखी हरकत इतरांच्या हरकतीइतकीच ग्राह्य आहे. वकील करण्याची ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कोठडीतील प्रत्येक मनुष्य, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधिसाह्यास पात्र आहे.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पतीला अटक झाली म्हणून तुमचे स्त्रीधन त्याचे होत नाही, आणि त्याच्या देण्यापायी ते कोणी उचलून नेऊ शकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने तर घरातील आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, यांना टाचेतून वगळलेले आहे. मंगळसूत्र त्यातच आले. कर्मधर्मसंयोगाने एखादी स्त्रीच बंदिवासात गेली, तर तिचे दागिने सासरी ठेव म्हणून राहतात. ‘आता ती परत कशाला येते’ असे म्हणून ते जावेच्या अंगावर घालणे हा विश्वासघात आहे.

आता ज्ञातीचे कर्तव्य. पूर्वी ज्याच्या घरी बेडी आली त्या घराशी रोटीबेटीचा व्यवहार तोडण्याची प्रथा अनेक जातींत होती. आज तसा बहिष्कार घालणे हाच गुन्हा आहे. महाराष्ट्राने यासाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा केला; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु न बोलता घातलेला बहिष्कार कायद्याच्या पकडीत येत नाही. त्या घराची पाण्याची घागर कोणी अडवत नाही, पण तिच्यासोबत कचेरीत जाण्यासही कोणी उठत नाही. हा मुका बहिष्कार मोडण्याचे काम मंडळाचे आहे.

यास्तव मी मंडळापुढे एक छोटीशी सूचना ठेवतो. एक वकील, एक शिक्षक आणि एक प्रौढ अनुभवी भगिनी, अशा तिघांची समिती नेमावी. ज्ञातीतील कोणास अटक झाल्याचे कळताच समितीने त्याच्या घरी जावे. पावती मिळाली की नाही हे पाहावे, वस्तूंची यादी एका वहीत उतरवून घ्यावी, सुपूर्दनाम्याचा अर्ज लिहून द्यावा, गरज असल्यास मुखत्यारपत्राची व्यवस्था करावी, आणि तालुका विधी सेवा समितीची वाट दाखवावी. समितीने स्वतः कोणाचा एक पैसाही ठेवून घेऊ नये. हे पथ्य कटाक्षाने पाळावे, म्हणजे उद्या तिच्याकडे बोट दाखविले जाणार नाही. केवळ पैशाअभावी जामीन किंवा दंड भरता न आल्याने आत खितपत पडलेला कोणी असेल, तर केंद्र सरकारने २०२३ साली गरीब कैद्यांच्या साह्यासाठी काढलेल्या योजनेकडे त्याचा अर्ज जिल्ह्याच्या समितीमार्फत पोहोचवावा. त्याच वेळी, गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले ते कुटुंब आपल्याच ज्ञातीतील असो वा परज्ञातीतील, त्याचीही विचारपूस करण्यास समितीने विसरू नये. आपण गुन्ह्याची पाठराखण करीत नाही, हे त्यावरून जगास दिसेल.

या कामास मोठा निधी नको, इमारत नको. एक वही, थोडी कायद्याची माहिती आणि दुसऱ्याच्या दारी जाण्याचे धैर्य एवढे पुरे. कारागृहात गेलेला मनुष्य आज ना उद्या परत येतो. येताना तो कसा येतो, हे पुष्कळसे त्याच्या मागे घरी काय घडले यावर अवलंबून असते. ज्याला आपले शेत धुऱ्यासकट जागेवर सापडले, ज्याची मुले शाळेत जाताना दिसली, तो पुन्हा वखर हाती धरतो. ज्याला सारेच गेलेले दिसले, तो काय हाती धरील याचा भरवसा कोणी द्यावा? मालमत्तेचा हा प्रश्न अशा रीतीने अखेर गावाच्या शांततेचा प्रश्न होतो.

मंडळाने या सूचनेचा याच संमेलनात विचार करून समितीची नावे निश्चित करावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.